साधं पेट्रोल चालेल का

जुन्या मोटारसायकलींच्या धंद्यात गिऱ्हाईक बरंच काही विचारतं. ॲव्हरेज किती, टायर कधी बदलले, पहिला मालक कोण. मी सगळ्याला उत्तरं देतो, आणि त्यातली निम्मी सौद्यापुरती असतात हे गिऱ्हाइकालाही कळतं. पेट्रोल कुठलं घालायचं, हे मात्र कोणी विचारत नाही. पंपावर साधं असतं आणि महागडं असतं, लोक साध्याच्या रांगेत उभे राहतात. इतक्या वर्षांत हा प्रश्न नीट विचारणारा मला एकच माणूस भेटला. त्याला जे उत्तर मिळालं त्याबद्दल मी इथे लिहितो आहे, कारण लोक आपापल्या परीने ते सांगत फिरतात आणि माझी बाजू कोणी सांगत नाही.

मी गाड्या धुण्यापासून सुरुवात केली. जळगावात दुसऱ्याच्या गॅरेजबाहेर बादली घेऊन बसायचो. आज त्याच रस्त्याला माझं पत्र्याचं शेड आहे, वीस-बावीस गाड्या रांगेत असतात. हे मला कोणी दिलेलं नाही, भांडून मिळवलेलं आहे. मी तापट आहे हेही खरं. माझा आवाज चढला की शेजारचा चहावाला रेडिओ बारीक करतो.

नाना माझ्याकडे पहिल्या गाडीपासून होते. धुळ्याजवळच्या खेड्यातले, मधूनच अहिराणीत बोलणारे, माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठे, ट्रकच्या गॅरेजात हात काळे केलेले. आमच्या दुकानाची एक रीत पडली होती. भाव माझ्याशी व्हायचा, पण खिशातून पैसे निघायचे ते नानांच्या शब्दावर. भाव ठरला की गिऱ्हाईक नानांकडे वळायचं. नाना गाडी चालू करायचे, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावून मूठ कानाशी धरायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "घ्या." नाहीतर, "राहू द्या." बस्स. 'राहू द्या' म्हटलं की मी दिवसभर त्यांच्यावर ओरडायचो, पण 'घ्या' म्हणा असं मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. असोद्यापासून चोपड्यापर्यंतची माणसं माझ्या दुकानात यायची ती त्या एका शब्दासाठी. माझ्यासाठी यायची नाहीत, हे मला माहीत होतं. नानांनाही माहीत होतं, पण ते कधी बोलून दाखवत नसत.

चार-पाच वर्षांपूर्वी धुळ्याला एका व्यापाऱ्याकडे दोनशे सीसीच्या वरची एक गाडी दिसली. तकतकीत. उन्हातच आमचा सौदा सुरू झाला.

"भाऊ, सावलीत तरी या," तो म्हणाला.

"सावलीत भाव वाढतो."

"मग तुमच्यासाठी छत्री धरतो, गाडीचं मात्र नीट बोला."

आम्ही दोघंही बैलबाजार पाहिलेल्या घरांतले. शेवटचा आकडा आम्ही रुमालाखाली बोटं दाबून ठरवला. मी त्याला इतका खाली आणला की जाताना त्याने चहासुद्धा विचारला नाही. त्यातच मला गंमत वाटली. गाडी चालू करून ऐकली होती, आवाज पाण्यासारखा होता. टाकीत पेट्रोल जेमतेम होतं, तेवढंच.

तीच चालवत मी जळगावला निघालो आणि पारोळ्याच्या अलीकडे साधं पेट्रोल भरलं. एरंडोल मागे पडलं, एका पुलाच्या चढावर गाडी जरा खेचली, तेव्हा इंजिनातून आवाज यायला लागला. पत्र्याच्या डब्यात हरभरे टाकून हलवावेत तसा. रेसची मूठ सोडली की बंद, ओढली की सुरू. आधी वाटलं चेन असेल. जळगाव येईपर्यंत कळून चुकलं होतं की चेन नाही.

नानांनी ऐकलं, इंजिनावरचं जाड झाकण, म्हणजे हेड, उघडलं आणि मला जवळ बोलावलं. "भाऊ, बठ्ठी भानगड हेडमा शे," ते म्हणाले. आधीच्या मालकाने गाडी पळावी म्हणून हेड मशीनवर घासून पातळ करून घेतलं होतं. त्यामुळे आत दाब वाढला होता. मग त्यांनी मला ऑक्टेन समजावून सांगितलं. मी इतकी वर्षं गाड्या विकत होतो आणि ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद असं समजत होतो. महागडं घातलं की कोणतीही गाडी जोरात पळते, असं गिऱ्हाइकांनाही सांगत होतो.

"ताकद नाही, धीर," नाना म्हणाले. "दाब सोसायचा धीर. साधं एक्क्याण्णवचं असतं. बहुतेक गाड्यांना ते पुरतं, त्यांना महागडं पाजणं म्हणजे पैसे उडवणं. पण हिच्यात दाब जास्त. ठिणगी पडायच्या आधीच ते आपलं आपण पेटतं. तुमच्यासारखं."

"आणि महागडं?"

"ते पंच्याण्णवचं. ठिणगीची वाट बघतं. हिला तेच लागेल, कायम. साध्यावर चालवली तर एक दिवस पिस्टन फुटेल."

धुळ्याच्या व्यापाऱ्याने टाकीत चार थेंब महागडं घालून मला आवाज ऐकवला होता. त्या दिवशी मी त्याला फोनवर जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भाऊ, तुम्ही विचारलंच नाही."

नानांनी दोनच वाटा सांगितल्या. दुसरं हेड शोधून बसवा, नाहीतर घेणाऱ्याला सांगा की हिला महागडंच पेट्रोल लागतं. हेड शोधायला इंदूर नाहीतर मुंबई गाठावी लागली असती आणि माझी सगळी कमाई त्यात गेली असती. सांगितलं तर भाव पडला असता. मी तिसरी वाट काढली. कार्बन साफ करून घेतला, टाकी रिकामी केली आणि दोन लिटर महागडं घालून गाडी पुढच्या रांगेत लावली. ज्याने मला फसवलं त्याच्यावर मी आठवडाभर जळत होतो, आणि त्याचीच युक्ती वापरताना मला काही वाटलं नाही. फसवला गेलेला माणूस स्वतःला हक्कदार समजतो. मी समजलो.

घेणारा चोपड्याहून आला. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत फिरून जनावरांना इंजेक्शनं देणारा, तिशीतला, मोजकं बोलणारा. मागे औषधांची पेटी बांधायची, पाड्यांवर जायचं, चढ-उतार, म्हणून दमदार गाडी हवी होती. तो येणार हे आदल्या दिवशी कळलं होतं, आणि सकाळीच माझं नानांशी वाजलं होतं.

"मी 'घ्या' म्हणणार नाही," नाना म्हणाले होते.

"तुमच्या कानाचा पगार मी देतो," मी म्हणालो. चहावाला ऐकत होता, दोन गिऱ्हाइकं ऐकत होती. "आज ही गाडी गेली नाही तर उद्या येऊ नका. या वयात कोण ठेवून घेतं तेही बघा."

मी असं बोलतो. वीस वर्षं बोलत होतो. संध्याकाळी दोघं एकाच हातगाडीवर भजी खायचो.

त्या माणसाने भाव फारसा केला नाही. मला तर कंटाळा आला. मग तो रीतीप्रमाणे नानांकडे वळला. नानांनी गाडी चालू केली. आवाज स्वच्छ होता. तो माणूस म्हणाला, "नाना, एकच विचारतो. साधं पेट्रोल चालेल ना? आमच्या भागात दुसरं मिळत नाही. कधी कधी तर किराणावाल्याकडून बाटलीतलं घ्यावं लागतं."

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. नानांनी माझ्याकडे पाहिलं नाही. स्क्रूड्रायव्हर फडक्याने पुसला. बराच वेळ पुसला.

"चालेल," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी ते भजी खायला थांबले नाहीत. मला वाटलं, रागावले असतील, दोन दिवसांत निवळतील.

दोनेक महिन्यांनी, ऐन उन्हाळ्यात, त्या माणसाचा चुलतभाऊ दुकानात आला. पाड्यावरून परतताना उतारावर पिस्टन फुटून इंजिन जाम झालं होतं, मागचं चाक जागच्या जागी थांबलं आणि तो पेटीसकट पुलाच्या कठड्यावर गेला. डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. चुलतभाऊ भांडायला आला नव्हता. भांडला असता तर मला जमलं असतं. तो माझ्यासमोरून सरळ नानांपुढे गेला आणि म्हणाला, "महिन्यापासून खडखडत होती. आम्ही म्हटलं मेकॅनिकला दाखव. तो म्हणाला, नानांनी ऐकलीय गाडी, तिला काही नाही."

 दुसऱ्या दिवशी नाना एसटीने चोपड्याला गेले आणि परत कामाला आले नाहीत. हत्यारांची पेटी इथेच सोडली.

आता माझी बाजू. नानांनी 'राहू द्या' म्हणायला हवं होतं. मी तासभर बोंबललो असतो, हाकललं असतं, दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन त्यांना घेऊन आलो असतो. माझा राग किती वेळ टिकतो हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? वीस वर्षांत माझ्या ओरडण्याला त्यांनी कधी किंमत दिली नाही, आणि नेमकी त्या एका दिवशी दिली. हा सल माझ्या मनात आहे. लोक म्हणतात मी एका माणसाचा पाय घेतला. माझं म्हणणं, ते उत्तर देताना माझा हात कोणाच्या तोंडावर नव्हता. हे मी कितीतरी लोकांना सांगितलं आहे. ते मान हलवतात आणि गाडी न घेता जातात.

पावसाळा संपल्यावर मी नानांच्या गावी गेलो. ओट्यावर बसून ते कोणाचा तरी फवारणी पंप दुरुस्त करत होते. बारीक झाले होते. मी पगार वाढवून देतो म्हटलं. मग दुकानात हिस्सा देतो म्हटलं. ते वॉशर बसवत राहिले. शेवटी मी जे विचारायला आलो होतो ते विचारलं. चोपड्याला त्या माणसाच्या घरी जाऊन नाना म्हणाले होते, "मला माहीत होतं, मी खोटं बोललो," हे माझ्या कानावर आलं होतं. माझा उल्लेखही केला नव्हता. त्या घरातून माझ्याकडे एक तक्रार आली नाही, एक शिवी आली नाही.

"माझं नाव का नाही सांगितलंत?"

"मना शब्दवर लिधी त्यासनी गाडी," नाना म्हणाले. "तुमनं नाव कशाले सांगू?"

गाडी त्यांच्या शब्दावर घेतली होती, एवढंच कारण. यावर मला राग आला. दुकानाचा मालक मी, गाडी माझी, युक्ती माझी, आणि या माणसाने मला त्यातून असा बाजूला काढला की मी तिथे नव्हतोच. मी उठलो. तेव्हा ते म्हणाले, "बसा, एक काम आहे." दर पंधरा दिवसांनी ते चोपड्याला जात होते. त्या माणसाला पुन्हा गावं फिरायची होती. बिनगिअरची एखादी जुनी स्कूटर मिळाली तर मागे दोन जादा चाकं लावून देणार होते. "तुमच्याकडे एक निळी होती. आहे का?"

"आहे."

"किती?"

मी आकडा सांगितला. गिऱ्हाइकाला पहिल्यांदा जो सांगतो तो, खाली यायला जागा ठेवलेला. तोंडातून गेला तेव्हाच मला कळलं. मी थांबलो. ते काहीतरी म्हणतील म्हणून थांबलो. 'भाऊ, जास्त होतात,' एवढं म्हटलं असतं तर मी निम्म्यावर आलो असतो. फुकट दिली असती.

नाना आत गेले आणि पैसे घेऊन आले.

मी घेतले. स्कूटर दुसऱ्या दिवशी टेम्पोत घालून पाठवली.