गल्लीनं खाल्लेला खरवस

मी मुळात तापट माणूस. पशुवैद्यकाची पदवी घेऊन घरी आलो तेव्हा वडील म्हणाले होते, "बरं झालं, जनावरं उलटून बोलत नाहीत." जनावरांबरोबर त्यांचे मालकही येतात हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं. माझ्याही आलं नव्हतं.

मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. सोलापुरात पूर्वेकडच्या विणकरांच्या आणि विड्या वळणाऱ्या बायकांच्या वस्तीत काही व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून जनावरांचा स्वस्तातला दवाखाना चालवला होता. तिथं मी लागलो. चार आण्यांची चिठ्ठी, तीही ज्याला जमेल त्यानं फाडायची. दवाखाना म्हणजे बंद पडलेल्या हातमाग कारखान्याची पत्र्याची शेड. मागाचे खड्डे अजून बुजवलेले नव्हते. एका खड्ड्यात आम्ही भुसा साठवायचो आणि दुसऱ्यात मी पहिल्याच आठवड्यात एका मेंढीच्या मागं धावताना पडलो होतो. वस्तीला माझी ओळख तेवढ्यानं पटली. रबरी हातमोज्यांचा एकच जोड होता. तो फाटला की कोपऱ्यावरचा सायकलवाला त्याला पंक्चरचं ठिगळ लावून द्यायचा.

माझ्या हाताखाली एक पट्टीबंधक होते. जखमा धुणं, मलमपट्टी, जनावर धरणं, औषध पाजणं, सगळं त्यांच्याकडं. अक्कलकोटकडचे, पन्नाशी ओलांडलेले. जनावरांशी ते कानडीत बोलायचे आणि माणसांशी मराठीत, पण माणसांशी फार नाही. मी त्यांना मामा म्हणायचो. ते मला सायेब म्हणायचे, आणि माझं चुकलं की नुसते खोकायचे.

ते नवरात्राचे दिवस होते. दवाखान्यामागच्या गल्लीत एकटी राहणारी, विड्या वळून पोट भरणारी एक मावशी होती. मुलगा पुण्याला हमाली करायचा. तिनं पाच वर्षं पैसा पैसा गाठीला बांधून एक म्हैस घेतली होती, आणि ती म्हैस चार दिवसांपूर्वी व्याली होती. त्या गल्लीची रीत अशी, की म्हैस व्याली की चिकाचा खरवस घरटी एकेक वाटी जायचा. तेलुगू, कानडी, मुसलमान, मराठी, कुणाचं घर वगळायचं नाही. दवाखान्यातही पितळी डबा आला. मामांनी एक वडी खाल्ली, मी तीन. आणि डबा लख्ख धुऊन परत दिला.

मावशीनं त्या रिकाम्या डब्याकडं असं पाहिलं की जणू मी त्यात थुंकलोय. मामा खोकले. पळत जाऊन मूठभर सरकी आणून त्यांनी डब्यात टाकली, तेव्हा कुठं तिचा चेहरा निवळला. नंतर त्यांनी मला समजावलं. चिकाचं भांडं रिकामं परत करायचं नसतं. त्यात काहीतरी घालायचं, आणि ते म्हशीचं. माणसानं त्याला तोंड लावायचं नाही. मी म्हणालो, बरं. असल्या गोष्टी मी तेव्हा एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून द्यायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीच्या आठच्या भोंग्याला मी दवाखान्यात पोचलो. बाहेर रांग लागलेली होती. एकीच्या पाटीत माना टाकलेल्या कोंबड्या, मागाची खळ चाटून पोट फुगवून बसलेली एक शेळी, पाठ सोललेलं एक गाढव. मी बाह्या सरसावत होतो तोच मामा दारात आडवे आले.

"सायेब, आदी मागं चला. मावशीची म्हस बांदलीय. लाळ गाळायलीय."

म्हैस मागच्या लिंबाला बांधलेली होती. मान ताणून पुढं धरलेली, तोंडातून लाळेच्या तारा जमिनीपर्यंत लोंबत होत्या. डावी कूस फुगलेली. मधेच ती घशातून असा घोगरा आवाज काढायची की अंगावर काटा यावा. मी तिथंच थांबलो. खरं सांगायचं तर दोन पावलं मागं सरकलो.

महिन्याभरापूर्वी त्या गल्लीत एक पिसाळलेलं कुत्रं घुसलं होतं. लोकांनी ते काठ्यांनी मारलं, पण त्याआधी ते एका शेळीला चावलं होतं आणि ती शेळी लाळ गाळत, ओरडत मेली होती. म्हशीला चावलं की नाही, कुणीच पाहिलं नव्हतं. पण आता मला तिच्या मागच्या पायावर एक जुना ओरखडा दिसत होता. तारेचा असेल. दाताचाही असेल.

एवढ्यात मावशी आली. म्हैस बांधून ती भुकेल्या रेडकाला आणायला घरी गेली होती; आता रेडकू तिच्याबरोबर होतं आणि मागं अख्खी गल्ली.

"कधीपासून असं आहे?" मी विचारलं.

"काल दिवस मावळताना सुरू झालं बगा. पानी दावलं तर नाकातनं भाईर आलं. रातभर मी तिचं तोंड पुसत बसलेय."

"कशानं पुसलंस?"

"कशानं म्हंजे? हातानं."

तिचे हात मी पाहिले. विडीची पानं कापून कापून बोटांना चिरा पडलेल्या. म्हैस पिसाळली असेल तर ती दोन-चार दिवसांत मरणार होती, त्यावर जगात औषध नव्हतं. आणि मावशीला सरकारी दवाखान्यात बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं घ्यायला लागणार होती, आणि तीही वेळेत लागू पडतील याची खात्री नव्हती. मी स्वतःचे हात पाठीमागं घेतले.

गर्दीला ते कळायला वेळ लागला नाही. कुणीतरी म्हणालं, "म्हस पिसाळलीय का ओ दाक्तर?" आणि मग एकच गलका.

"आमी खरवस खाल्लाय की!"

"पोरास्नी बी दिलाय!"

"चौदा सुया! समद्या गल्लीला!"

मी हात वर करून ओरडलो, की खरवस उकडलेला असतो, उकडल्यावर त्यात विष राहत नाही, कुणाला काही होणार नाही. छातीठोकपणे सांगितलं. सांगता सांगता माझा स्वतःचा हात बेंबीवर गेला, आणि तो गर्दीनं पाहिला. पुढच्या शब्दांना काही अर्थच उरला नाही.

मागून एक माणूस म्हणाला, "म्युन्शिपाल्टीचा मानूस बोलवा, गोळी घालू द्या. मरनारच हाय ती. आनी कुनाला चावायच्या आदी मारा." मावशी जाऊन म्हशीच्या मानेला टेकून उभी राहिली. तिला ओढून बाजूला करायचं धाडस मला झालं नाही, आणि ते न झाल्याचा रागही मला तिच्यावरच आला.

"काय खाल्लं होतं हिनं?" मी खेकसलो.

"कडबा. पेंड. आंबवन."

"आणखी काय?"

"आनी काय खानार म्हस? कडबा, पेंड."

मी तिसऱ्यांदा विचारलं, तिनं तिसऱ्यांदा तेच सांगितलं. मग गर्दीतल्या एक वयस्कर तेलुगू बाई, त्यांना सगळे अम्मा म्हणत, त्या कपाळावर हात मारून रडायला लागल्या. "अय्यो देवा, माझं नातू दोन वाटी खाल्लं की! मी येवढं चांगलं मनानं भांड्यात रताळ घालून दिलं, आनी हे काय आलं आमच्या नशिबाला!"

"रताळं?" मी इतक्या मोठ्यानं ओरडलो की म्हैसच दचकली. "कसलं रताळं?"

मावशी गोंधळून म्हणाली, "त्ये व्हय. त्ये चिकाच्या भांड्यातलं. काल सांजच्याला दिलं तिला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"दाक्तर, तुमी वैरन काय घातली त्ये इचारलंत. त्ये वैरन न्हाय की. त्ये बाळंतिनीचं वान हाय."

"कापून दिलंस का?"

आता तिलाच माझी कीव आली. "बाळंतिनीच्या वानाला इळी लावत्यात व्हय? हातानं चारलं. आख्खं."

अम्मांनी न विचारता मूठ आवळून दाखवली. एवढं. उपासाची मोठी रताळी असतात तसलं.

मीच तीन वड्या खाऊन, मामांचं सगळं ऐकून घेऊनही, माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं. घशात काही अडकलं की जनावर अस्संच करतं: लाळ, ताणलेली मान, नाकातून परतणारं पाणी, फुगलेली कूस. जिवात जीव आला. पण तो पुरता यायच्या आत पुस्तकातली दुसरी ओळ आठवली. पिसाळलेलं जनावर दगड, लाकूड, चिंध्या, तोंडाला लागेल ते गिळतं, आणि त्याचा घसा लुळा पडलेला असतो. रताळं अडकलं म्हणून म्हैस शहाणी आहे असं नव्हतं. ते काढायला हात आत घालावा लागणार होता, कोपरापर्यंत, दातांच्या मधून, त्या लाळेत. आणि मोज्यांवर पंक्चरची ठिगळं.

"सायेब, हात मी घालतो," मामा म्हणाले. "तुमी भाईरनं मान दाबा."

"डॉक्टर मी आहे," मी म्हणालो. यात शौर्य अजिबात नव्हतं. सगळी वस्ती बघत होती, आणि खड्ड्यात पडलेल्या डॉक्टरला दुसऱ्यांदा पडायचं नव्हतं, एवढंच. माझी मुलगी तेव्हा आठ महिन्यांची होती. हातमोजे चढवताना तीच डोळ्यांसमोर होती.

मामांनी दातांमधे लाकडाचा ठोकळा आडवा बसवला, जीभ जाड गोणपाटात धरून एका बाजूला ओढली, तशीच मावशीच्या हातात दिली आणि स्वतः मानेच्या दोन्ही बाजूंनी अंगठे लावून रताळं वर, तोंडाकडं दाबत आणायला लागले. त्यांच्या तोंडून कानडीत काहीतरी हळू हळू चाललेलं होतं. मी हात घातला. आतली ऊब, तो बुळबुळीतपणा आणि म्हशीचा उलटा श्वास मला अजून आठवतो. बोटाच्या टोकाला काहीतरी गोल लागलं. निसटलं. ठोकळा सरकला आणि एक दाढ मोज्यावरून घासत गेली, तेव्हा माझ्या तोंडून जो शब्द निघाला तो अम्मांसमोर निघायला नको होता. मामांनी पुन्हा दाबलं. या वेळी तीन बोटं त्याच्या मागं गेली आणि मी खेचलं.

साल सोललेलं, लाळेनं चकचकीत झालेलं रताळं माझ्या हातात होतं. म्हशीनं इतका लांबलचक ढेकर दिला की मावशीच्या डोक्यावरचा पदर मागं पडला. म्हशीची कूस आमच्या डोळ्यांदेखत खाली बसायला लागली. लोक हसले. मी हसलो नाही. "पाणी आणा," म्हणालो.

बादली पुढं ठेवली. म्हशीनं हुंगलं आणि तोंड फिरवलं.

शेजारच्या घरातल्या मागाची खटखट तेवढी चालू होती. मी मनात म्हणत होतो, पी बाई, तुझ्या पाया पडतो, पी. मावशीनं ओंजळीत पाणी घेऊन तिच्या ओठांना लावायला हात पुढं केला आणि मी "नको!" म्हणेपर्यंत म्हशीनं स्वतःच बादलीत तोंड घातलं. मानेतून एकेक घोट खाली जाताना दिसत होता. मी नाकपुड्यांकडं बघत होतो. नाकातून थेंबही आला नाही. तिनं बादली संपवली, रिकामी बादली शिंगानं ढकलून दिली आणि दुसरी मागितली. दुसरीही संपवली. मग रेडकाला चाटायला लागली.

लुळा घसा असा पाणी पीत नाही. मी ते मोठ्यानं सांगितलं, दोनदा सांगितलं, कारण मलाच ते पुन्हा ऐकायचं होतं. पिसाळलेली नाही! मी तिथल्याच भुशाच्या पोत्यावर बसलो. मावशी म्हशीच्या गळ्यात पडून रडत होती आणि अम्मा मावशीच्या. "रताळ नाही देत आता कधी, कधी नाही," अम्मा म्हणत होत्या, आणि मावशी त्यांच्या पाठीवर थापट्या मारत म्हणत होती, "द्या की अम्मा, द्या. मी बारीक कुस्करीन." गोळी घालायला सांगणारा माणूस कुठूनतरी हिरव्या चाऱ्याची पेंढी घेऊन आला आणि कुणाकडं न बघता ठेवून गेला. मी मावशीला बजावलं की दहा दिवस म्हशीवर रोज नजर ठेवीन, आणि ठेवलीही. पण उत्तर त्या दुसऱ्या बादलीतच मिळालेलं होतं.

गर्दी पांगल्यावर मी हौदावर गेलो. मामा तिथं आधीच होते. उजवा हात कोपरापर्यंत कार्बोलिक साबणानं घासत होते. किती वेळ घासत होते कोण जाणे, कातडी लाल झाली होती.

"तुमचा हात कुठं आत होता, मामा?" मी गमतीनं म्हणालो. "तुम्ही तर बाहेरून दाबत होता."

ते खोकले नाहीत. "सायेब, आता सांगतो. तुमी यायच्या आदी, मावशी रेडकाला आनायला गेल्ती तवा, मीच तिला तेलाचा ढोस पाजला. नुसतं पोट फुगलंय वाटलं. जीभ वढून, मोजं न घालता. तेल समदं नाकातनं भाईर आलं, तवा ध्यानात आलं, ह्ये नुसतं फुगनं न्हवं." त्यांनी तळवा उलटा केला. अंगठ्याच्या बुडाशी दावणीच्या दोरानं गेलेली ताजी चीर होती.

मी भडकलो. काय काय बोललो ते आठवत नाही. एवढा वेळ गप्प का बसलात, मला सांगायला काय झालं होतं, घरी चार लेकरं आहेत तुमच्या, असलं बरंच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तांब्या भरून माझ्या हातावर पाणी ओतायला लागले.

"सांगितलं असतं," ते म्हणाले, "तर तुमी माज्याकडं बगत बसला असता. म्हशीकडं कोन बगनार?"

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते मी लपवलं नाही. त्यांच्या हातातून तांब्या घेतला, साबण घेतला, आणि त्यांचा तो हात बोटांपासून कोपरापर्यंत पुन्हा एकदा मी धुतला.