पसाभर पीठ

तुळसाकाकीच्या घरनं भांडं रिकामं परत आलंय, असं वरकुट्यात कुणी दाखवावं, मी मिशी उतरवीन! माझी बायको शहाजादी ईदला तिच्याकडं वाटीभर खीर धाडती, तर त्याच वाटीतनं शेंगदाणे येत्यात. घरात काय नसलं तर चिमूटभर साखर. पर रिकामी वाटी? न्हाय म्हंजे न्हाय.

मी राजमहंमद, जेसीबी चालवतो. काकीचं शेततळं खणताना मडकं लागलं. पुराणं, तळाला काळं करपलेलं. फोटो फिरत फिरत पुण्याला दिशाम्याडमकडं गेला. जुन्या भांड्याला चिकटलेल्या खरकट्यातनं त्या काळी काय पिकत हुतं, ते ही पोरगी सांगती. तिचा लगेच फोन, "आज्जी, मडकं धुवू नका हां!"

काकी भांड्याला डाग ठिवत न्हाय. हात शिवशिवत हुते, तरी धुतलं न्हाय.

दिशा आली, मडक्यात डोकावली आन् तिचं तोंडच उतरलं. आत पसाभर ज्वारीचं पीठ!

"आज्जी, हे काय केलंत?"

"अगं पोरी, भांडं रिकामं कसं देऊ? ताजं दळण हाय."

"अहो, सगळीकडं आजची ज्वारी लागली! आता जुनं धान्य कसं ओळखू मी? एवढं धड मडकं पहिल्यांदाच मिळालं होतं."

माझं टाळकं सरकलं. "धुवू नका म्हणलात, भरू नका कुठं म्हणलात?"

दिशा मडकं घिऊन गेली, तवापास्नं काकीला भाकरी गोड लागंना. रोज मला इचारायची, "राजू, माझ्यापायी पोरीचं काम बुडालं का रं?" मला लई वाईट वाटायचं.

उन्हाळ्यात दिशा परत आली, ती हसतच.

"आज्जी, पीठ वरवरच होतं! करपलेल्या थराच्या पोटातलं खरवडलं, तिथं ते पोचलंच नव्हतं. हुलगा निघाला, जुना, बारीक दाण्याचा. तुमच्या रानात हजारो वर्षांमागं कुणीतरी हुलग्याचं माडगं शिजवलं होतं."

काकीनं डोळ्याला पदर लावला आन् फसकन हसली.

"शिजवलं कुठलं, करपवलं बयेनं!"

मग तळ्याकडं हात करून म्हणाली,

"करपू दे. पर इतक्या वर्सांनी तिचं भांडं माझ्याकडं आलं, ते बी रिकामं न्हाय आलं."