प्रभुभोजनाची चादर

सीएनीनं ते भांडण ऐकलं तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत साबणात होते. चर्चच्या पाळकांच्या स्वयंपाकघरामागं, नीरफणसाच्या झाडाखाली ती प्रभुभोजनाच्या मेजावरची चादर चोळत होती, आणि आत पुआ अन् पाळकीणबाई तिच्याच नावानं भांडत होत्या.

"फातूच्या मळ्यातल्या खोपटात जाते-येते ती! मी या डोळ्यांनी पाहिलंय. असल्या बाईच्या हातची चादर प्रभूच्या मेजावर?" पुआ म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकनची बायको. तिच्या नजरेतून माशीसुद्धा सुटत नसे.

"मग तूच धू की," पाळकीणबाई म्हणाल्या. "द्राक्षरसाचे डाग निघतात का बघ तुझ्या हातून."

चादर पुआला धुवायची नव्हती, फक्त सीएनीनं धुऊ नये एवढंच हवं होतं.

शेवटी ठरलं ते असं, की सीएनीनं मेजाशी यायचं नाही, चादर मात्र तिनंच धुवायची. सामोआत प्रभुभोजनाला, येशूच्या आठवणीत भाकर अन् द्राक्षरस घेताना, बायका पांढरं नेसतात, पांढऱ्या टोप्या घालतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळं चर्च बगळ्यांनी भरल्यासारखं दिसायचं, आणि सीएनी दाराजवळच्या बाकावर, निळ्या फुलांच्या झग्यात. भाकर तिच्यापर्यंत यायची नाही. अशी एकतीस वर्षं गेली.

झालं होतं एवढंच, की फातूच्या पायाला न भरणारी जखम होती. लोक महारोग म्हणतील, गावातून हाकलतील, या भीतीनं तो एवढा गडी रडला होता. "कुणाला सांगू नकोस, ताई." सीएनीला झाडपाल्याचं कळायचं. तिनं देवाचं नाव घेऊन शब्द दिला आणि महिनाभर जखम धुतली. पाय बरा झाला. त्याच पायांनी फातू न्यूझीलंडला गेला, तिच्या बाजूनं एक अक्षर न बोलता. सीएनीला राग आला नाही असं नाही. चादर पिळताना तिनं पुष्कळदा फातूची मान पिळली.

मग तो तिकडेच वारल्याचा निरोप आला. त्याच सुमारास गावात नवा पाळक आला होता, तरुण, मनानं चांगला. पुआला घेऊन तो सीएनीच्या चटईवर येऊन बसला.

"आजी, खूप झालं आता. मंडळीसमोर उभं राहून 'माझं चुकलं' एवढं म्हणा, आणि पुढच्याच रविवारी मेजाशी या."

"अगं, दोन शब्द तर आहेत," पुआ म्हणाली. आता तीही काठी टेकत होती. "मरायच्या आधी तुझ्याशेजारी बसावं म्हणते."

"बसशील आणि माझी टोपी वाकडी आहे का तेच बघशील."

पुआ हसली. सीएनी हसली नाही. पेटीच्या तळाशी तिचा पांढरा झगा होता, घडीवर पिवळा पडलेला. डोळे मिटण्याआधी एकदा ती भाकर जिभेवर ठेवावी, एवढीच एक इच्छा उरली होती. तिनं पेटीच्या झाकणावरून हात फिरवला.

"पाळकसाहेब, थकलेय हो मी. फार थकलेय. पण जे केलंच नाही ते चुकलं म्हणून कसं सांगू? तेही देवाच्याच घरात उभी राहून?"

"मग खरं काय ते तरी सांगा."

"शब्द दिलाय. ज्याला दिला तो मेला, पण ज्याचं नाव घेऊन दिला तो आहे ना? माझा निवाडा त्याच्याकडे ठेवलाय. उशीर लावतो, हे मीही त्याला रोज ऐकवते. पण म्हणून त्याच्याकडून काढून पुआच्या हातात देऊ?"

पुआ काठीनं चटईबाहेरच्या वाळूत रेघा ओढत राहिली. उठताना हळूच म्हणाली, "चादर?"

"शनिवारी. नेहमीसारखी."

तो तिचा शेवटचा शनिवार होता, पण तिला तसं काही वाटलं नाही. गुडघे दुखत होते, ते रोजचेच. डागावर लिंबू चोळून तिनं चादर उन्हात टाकली, आरारूटची खळ दिली, करवंटीचे कोळसे इस्त्रीत भरले. संध्याकाळी दोन्ही हातांवर चादर आडवी धरून ती चर्चमध्ये गेली. मेजावर पसरली, चारी कोपरे सारखे केले, मधली सुरकुती तळहातानं मोडली. मग दार ओढून घेतलं आणि घराकडे निघाली. कोंबड्यांना खोबरं घालायचं राहिलं होतं.