चित्रात माणूस नको

एखादं काम हातात घेतलं की ते संपतं आणि विसरलं जातं, असा माझा समज होता. आमची स्पर्धा मात्र संपली तरी किस्से मागे सोडून गेली. मी काही ते गोळा करायला गेले नव्हते. मला भुताखेतांच्या गोष्टींचा राग आहे आणि त्या रंगवून सांगणाऱ्या म्हाताऱ्यांचा त्याहून जास्त. तरी मैत्रिणी चहाला बसल्या की कुणीतरी म्हणतंच, "शैला, ते पेवाचं सांग की." एक सांगितलं की दुसरं आपोआप निघतं.

*

साताऱ्याच्या एका वस्तुसंग्रहालयाचे प्रमुख गोसावी सर जुन्या वास्तूंच्या फोटोंची स्पर्धा भरवणार होते. खर्च उचलणारा कुणी मिळेना, म्हणून ते सांगलीला आमच्या दुकानात आले. माझे काका हळदीचे व्यापारी. आईवडिलांमागे मी त्यांच्याकडेच वाढले.

काकांनी विचारलं, "आमचं नाव कुठं लावणार?"

"प्रदर्शनाच्या दारावर."

"केवढं?"

सरांनी दोन्ही हात पसरून दाखवलं. काकांनी त्यांचे हात धरून आणखी लांब केले. स्पर्धा ठरली.

धावपळ माझ्या गळ्यात पडली. मी बी.ए. होऊन घरात होते आणि पुण्याला एम.ए.ला जायचं म्हणून रोज भांडत होते. काकांचं उत्तर ठरलेलं. कोरेगावचं स्थळ चांगलं हाय, ऊस हाय, विहिरीला पाणी हाय. एकदा मी म्हटलं, "मग उसाशीच लावा माझं लग्न." काकू हसली, काका जेवणावरून उठले. शेवटी सौदा झाला. स्पर्धा नीट पार पडली तर पुणे. मध्येच बंद पडली तर कोरेगाव.

गोसावी सरांचा नियम एकच होता, पण कडक. चित्रात माणूस नको. "माणूस दिसला की बघणारा वास्तू बघत नाही," ते म्हणायचे. त्यामुळे आम्ही जिथे जाऊ तिथल्या माणसांना आधी बाहेर काढायचो.

*

काकांनी पहिला हट्ट धरला तो पेवाचा. पेव म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची खोली. वर एक माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, खाली अंधार.

सर काकांना म्हणाले, "अण्णा, खड्ड्याला वास्तू कसं म्हणायचं?"

"तुमच्या राजाचं भुयार ती वास्तू, आन आमचं पेव खड्डा व्हय?"

सरांनी पेव यादीत लिहून घेतलं. फोटो काढायला साताऱ्याचे एक स्पर्धक, रशीदभाई मुल्ला, आले. त्यांचा स्टुडिओ होता आणि आयुष्यभर त्यांनी लग्नाचे फोटो काढले होते. बिनमाणसांचा फोटो काढायची त्यांची ही पहिलीच वेळ. स्पर्धकांना परवानग्या मिळवून देणं माझं काम, म्हणून मीही गेले.

रिकाम्या पेवात उतरण्याआधी दोरीने पेटता कंदील सोडतात. आत हवा खराब असली तर तो विझतो. कंदील खाली गेला, चांगला तेवत राहिला. त्याच उजेडात रशीदभाईंनी वरून फोटो घेतला. तेवढ्यात कंदील मालवला. ओढून वर घेतला, तर काच शाबूत, तेल भरपूर. वात मात्र चावी फिरवून पार खाली केलेली.

मी म्हटलं, "दोरीला झटका बसला असेल."

दोरी धरणारा हमाल म्हणाला, "बसला आसंल की. न्हाईतर तेल वाचवलं आसंल कुणीतरी."

रशीदभाई हसले, पण त्या पेवात काही उतरले नाहीत.

*

पाचगणीला एका शाळेचा जुना हॉल होता. लाकडी छत, उंच खिडक्या, आत काळोख. सुट्टी असल्याने माणसं हाकलायचीही गरज नव्हती. रशीदभाईंनी कॅमेरा स्टँडवर ठेवला आणि झाकण बराच वेळ उघडं ठेवलं. तेवढ्यात तिथला झाडूवाला म्हातारा आत येऊन झाडू लागला. मी ओरडणार, तोच भाई म्हणाले, "झाडू द्या, ताई. हलणारा माणूस उमटत नाही."

खरंच उमटला नाही. पुढच्या खेपेला त्यांनी म्हाताऱ्याला कौतुकाने तो फोटो दाखवला. म्हातारा बघतच राहिला.

"भाई, म्या व्हतो की तितं."

"होतास, बाबा. पण हलत होतास."

"मंग बसल्यालं माणूस दिसतंय?"

"दिसतंय की."

म्हाताऱ्याने झाडू भिंतीला टेकवला आणि बाकावर जाऊन बसला. "काडा मंग."

भाईंना दया आली. नियम बाजूला ठेवून त्यांनी खास त्याच्यासाठी एक फोटो घेतला. म्हातारा पापणीसुद्धा न हलवता बसला होता, हे मी स्वतः पाहिलं.

फोटो छापून आला. त्यात रिकामा बाक स्वच्छ उमटला होता, झाडू स्वच्छ उमटला होता. भाईंनी तो म्हाताऱ्याला कधी दाखवला नाही.

*

मग म्हसवडकडच्या एका गावात एका निवृत्त सुभेदारांचं घर. घर साधंच, पण दाराच्या फळ्यांवर कोरीव काम असं की सरांनी ऐकूनच डोळे मिटले. दार बंद केल्याशिवाय ते दिसणार नव्हतं. आणि त्या घराचं दार कधी बंद होत नव्हतं. सुभेदारांचा मुलगाही फौजेत होता. एकाहत्तरच्या लढाईतून तो परत आला नाही, गेल्याचंही कुणी कळवलं नाही.

सुभेदार म्हणाले, "दार लावायचं न्हाई. पोरगं आलं तर?"

त्यांची बायको चुलीपासून उठून आली. "लावा एकडाव. उगडंच दार बगून त्यो तरी कशाला घाई करंल?"

सगळे बाहेर आले. सुभेदारांनी स्वतः दार ओढून घेतलं. आम्ही सारे कॅमेऱ्यामागे उभे राहिलो, फोटो झाला, सुभेदारांनी दार ढकललं. दार हललं नाही. आतून अडसर लागला होता.

शेवटी ते मागच्या बाजूने कौलं काढून आत उतरले. अडसर सरकवून त्यांनी दार उघडलं. घरात कुणी नव्हतं.

"धक्क्याने पडला असेल," मी म्हटलं. कुणीतरी काहीतरी शहाण्यासारखं बोलायला हवं होतं.

"भिंतीतनं वढावा लागतो त्यो," सुभेदार म्हणाले. "पडत न्हाई."

त्यांच्या बायकोने पदर खोचला. आत गेली, परातीत आणखी एका भाकरीचं पीठ घेतलं आणि मळायला बसली.

*

ही बातमी माझ्याआधी सांगलीत पोचली. हळद घेऊन आलेले शेतकरी काकांना विचारू लागले, "आवं अण्णा, तुमच्या फोटोवाल्यांनी घरं झपाटली म्हणं?" दोन-तीन स्पर्धकांनी नावं काढून घेतली. काकांनी त्याच दिवशी जाहीर केलं, "स्पर्धा बंद. दारावर नाव नको आन काय नको."

मला कोरेगावचा ऊस डोळ्यांसमोर दिसू लागला. मी दुकानातच भांडले. "एका अडसराला घाबरून तुम्ही शब्द फिरवता? तुम्हाला माणसं म्हणायचं की मांजरं?"

सगळा बाजार ऐकत होता. काका लाल झाले, पण व्यापारी माणूस. "एवढं धाडस हाय ना? मग आपल्या घराचा फोटो काढ. तू काढ. काही झालं न्हाई तर स्पर्धा चालू."

रविवारी भर दुपारी काकांनी घर रिकामं केलं. काकू, गडी, स्वयंपाकीण, सगळे रस्त्यावर. गोसावी सरही साताऱ्याहून आले होते. काकांनी कुलूप लावून किल्ली खिशात टाकली. रशीदभाईंनी कॅमेरा लावून त्याची वायर माझ्या हातात दिली. मी बटण दाबलं. काहीही झालं नाही. कुलूप उघडलं, आत गेलो, काकूने चहा टाकला. मी काकांकडे बघून एवढंच म्हटलं, "बघितलंत?"

काही दिवसांनी रशीदभाई फोटो घेऊन आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. सरही आमच्या घरी आले होते. त्यांनी सवयीने फोटो आधी उचलला आणि सवयीनेच म्हणाले, "चित्रात माणूस आहे. बाद."

मग त्यांनी नीट बघितलं आणि फोटो खाली ठेवला.

वरच्या मजल्यावरच्या माझ्या खोलीच्या खिडकीत मी होते. केस मोकळे, दोन्ही हातांनी गज धरलेले, नजर सरळ कॅमेऱ्याकडे. काकूने तोंडाला पदर लावला. "शैलाच की ही."

काका फोटो उजेडात नेऊन खूप वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता सगळं संपलं.

"स्पर्धेचं काय, काका?" मी विचारलं.

"चालू दे."

"आणि पुण्याचं?"

काकांनी फोटो सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "जा तू. ही हाय की हितं."