करंगळीवरची बाई

मुकादमानं डाव्या हाताची करंगळी वर केली आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "ही तू."

सकाळची वेळ. नगरपालिकेच्या मागच्या फाटकाशी आम्ही झाडूवाल्या बाया, कचरागाड्यांचे ड्रायव्हर, नळाची माणसं. शाळेत पोरं करंगळी कशासाठी वर करतात ते सगळ्यांना ठाऊक. ड्रायव्हर लोक असे हसले, की फाटकाचं बिजागर सैल झालं. मुकादमाला चेव आला. त्यानं ती करंगळी पँटीच्या खिशात घातली.

"आता तू न्हाईस."

मी होते. अंगावर पालिकेचं जाकीट, हातात खराटा, पायाला गटारीचा चिखल. दोन शेरडं काखेत मारून जत गाठीन अशी धडधाकट बाई. आणि त्या खिशापुढं मी नव्हते.

हे कसं झालं ते ऐका.

आमच्या पालिकेत हजेरीचं यंत्र आलं. अंगठा ठेवायचा. काचेवर तुमचा फोटो उमटतो, नाव उमटतं, आतली बाई गोड आवाजात म्हणते, "थँक्यू." हे साहेबलोकांना. आम्हाला म्हणायची, "प्लीज ट्राय अगेन." जन्मदात्या आईनं मला जेवढ्यांदा 'जेव' म्हटलं नसेल, तेवढ्यांदा त्या बाईनं मला हे म्हटलं. माझं सगळं इंग्रजी तिच्याकडनं आलेलं.

ब्लीचिंग पावडर, फिनेल, खराट्याची मूठ. अंगठ्यावरच्या रेषा कधीच उडून गेलेल्या. मिरजेच्या डॉक्टरला दाखवला. तो भिंग लावून बसला, चष्मा पुसला, परत बसला. म्हणाला, "बाई, इथं काहीच नाही." मी म्हटलं, "आवं, ते आमच्या यंत्राला सांगा."

माझ्या जोडीची शमशाद मिरजेची. माहेरी सतारी बनवतात. तिच्या बापाच्या बोटांवर तारांनी रेघा पाडल्या, हिच्या होत्या त्या खराट्यानं पुसल्या. तिचाही अंगठा लागेना. अशा आम्ही बऱ्याच बाया.

शेवटी यंत्र नीट करायला सांगलीच्या विश्रामबागेतनं इंजिनिअर आलेला. दुपार झाली तरी तो आमचे अंगठे दाबतोय, घाम पुसतोय. तेव्हा मुकादमानं डोकं चालवलं. "बाईचं नाव घाला, फोटो घाला, बोट माझं घ्या. मी लावत जाईन सकाळी." इंजिनिअरला सुटल्यासारखं झालं. अंगठे मुकादमानं स्वतःला ठेवले आणि उरलेल्या एकेका बोटावर एकेक बाई बसवली. बोटं संपली असती तर त्यानं चपला काढल्या असत्या. शमशाद उजव्या हाताच्या मधल्या बोटावर. मी मागं उभी होते, मला डावी करंगळी उरली.

आम्हाला वाटलं, बरं झालं, कटकट गेली. आम्ही त्याला चहा पाजला.

पुढं रोज असं. आम्ही गाव झाडायचं आणि हजर व्हायचं त्यानं. सकाळी तो यंत्रापुढं पेटी वाजवावी तशी बोटं वाजवायचा, आतली बाई थँक्यू थँक्यू करायची, आणि आम्ही कामाला सुटायचो.

मग एका सुट्टीच्या दिवशी तो बायकापोरांना घेऊन पाचगणीला गेला आणि गाडीच्या दारात मधलं बोट चेंगरून आला. बोटाला हे एवढं पांढरं बँडेज, नारळाएवढं. शमशाद गेली. म्हणजे बाई जाग्यावर होती. रोज मंडई झाडत होती. भाजीवाले तिला बघत होते, कुत्री तिला ओळखत होती. फक्त पालिकेला ती दिसत नव्हती. तिनं साहेबांना सांगितलं तर साहेब म्हणाले, "यंत्र खोटं बोलत नाही." शेवटी तिनं दर्ग्यावर चादर कबूल केली, मी बिरोबाला नारळ. एका बोटासाठी दोन धर्मांनी एवढं कधी केलं नसेल. तिच्या पगारातनं ते सगळे दिवस कापले गेले.

त्या बँडेजपायी मुकादमाला कळलं, आपल्या हातात काय आहे.

मग त्याची बोटं दुखायला लागली. जिनं त्याची गाडी धुतली नाही, तिचं बोट दुखायचं. जिनं त्याच्या घरची भांडी घासली नाही, तिचं बोट आखडायचं. आम्ही त्याच्या हाताला नवरदेवासारखं जपायचो. थंडीत कुणी त्याच्या बोटांना लावायला तेल गरम करून आणायची.

एक दिवस त्याच्या घरची संडासाची टाकी तुंबली. मला म्हणाला, "उतर आत."

"न्हाई."

"काय म्हणालीस?"

"न्हाई म्हणाले. तसं माणूस उतरवायला बंदी हाय. टाकी उपसायची गाडी बोलवा."

दुसऱ्या सकाळी फाटकाशी ती करंगळी.

मी खराटा घेतला आणि माझा रस्ता झाडला. घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आगं, जा आन पाय धर. बोट त्याचं, भाकरी आपली." मी भाकरी थापत होते. मला माझा बाप दिसत होता. आम्ही जतकडचे धनगर. बाप मेंढरांच्या पाठीवर लाल रंगाचा पट्टा ओढायचा. कळपात कळप मिसळला तरी मेंढरू कुणाचं ते कळावं. पट्टा ओढताना मेंढरू मुकाट उभं राहायचं. मी तशीच मुकाट उभी राहिले होते. वर चहा पाजला होता.

मेंढराला बोलता येत नाही. मला येतं. जरा जास्तच येतं.

त्या आठवड्यात साताऱ्याकडच्या कुठल्याशा पालिकेचे लोक आमचं यंत्र बघायला आले. पुढच्या दालनात मुख्याधिकारी साहेब त्यांना सांगत होते, "पारदर्शक कारभार. एकही बनावट हजेरी शक्य नाही." मुकादम इस्त्रीचा शर्ट घालून बाजूला उभा. आम्हाला पुढच्या दारानं येऊ देत नाहीत. मी पुढच्याच दारानं गेले. खराट्यासकट. पाहुण्यांनी फरशीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"काय आहे?" साहेब म्हणाले.

"आवं साहेब, एक अर्ज हाय तोंडी. मुकादमांची करंगळी कापून द्या मला. पदराला बांधून नेते, रोज सकाळी लावत जाईन. त्यांना कशाला तरास."

पाहुणे हसले. साहेबही हसले, त्यांना वाटलं खुळी आहे.

"पटत नसंल तर त्यांना एकेक बोट ठेवाय सांगा. पाव्हण्यांनाबी कळंल, यंत्र किती खरं बोलतंय."

साहेबांना यंत्राचा अभिमान. म्हणाले, "ठेव रे."

मुकादमानं उजवा अंगठा ठेवला. त्याचा फोटो आला. "थँक्यू."

"बाकीची," मी म्हटलं.

त्यानं हात मागं घेतला. एका पाहुण्याला आता गंमत वाटायला लागली होती. तो म्हणाला, "ठेवा की हो." मुकादमानं बोट ठेवलं. काचेवर आमच्यातली लक्ष्मी आली, मोठं कुंकू लावलेली. पुढचं ठेवलं. डोक्यावर ओढणी घेतलेली शमशाद आली. थँक्यू. थँक्यू. मुकादमाच्या हातातनं बाया बाहेर पडायला लागल्या. सगळ्यात शेवटी मी. दालनात कुणी हसलं नाही.

पाहुण्यांना चहाला नेलं. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, आता मुकादमाला झापतील.

"तू चारचौघांत हे करायला नको होतंस," साहेब म्हणाले. "त्यालाही लेकरंबाळं आहेत. असं करू, तुझी एकटीची सही कागदावर चालवू. बाकीचं तूर्तास आहे तसं राहू दे. बाहेर बोलू नकोस."

"बाकीच्यांचं काय?"

"त्यांची तक्रार आहे का?"

तक्रार करणारीचं बोट दुखतं, हे साहेबांना कुणी सांगावं. मी म्हटलं, "एकटीची सही नको. त्याच्या बोटावरनं मला पुसा."

"पुसलं तर तू यंत्रात कुठंच राहणार नाहीस. रोज गैरहजर लागशील."

"लागू द्या."

त्यांनी पुसलं. वेळ लागला नाही.

तेव्हापासून मी यंत्रात नाही. माझा रस्ता रोज झाडलेला असतो. झाडून झाला की मी पालिकेच्या पुढच्या दारात उभी राहते, साहेबांची गाडी आली की माझं पूर्ण नाव मोठ्यानं घेते आणि म्हणते, "हजर." शिपाई बाजूला हो म्हणतो. मी होत नाही. नवरा घरी तोंड फिरवून जेवतो. मुकादम अजून मुकादम आहे. लक्ष्मी अजून त्याची गाडी धुते, आणि तिला मी बोल लावत नाही.

काल शमशादनं स्वतःला पुसून घेतलं. आज ती दारात माझ्या शेजारी उभी होती. तिचा आवाज बारीक आहे. साहेब न बघता आत गेले.

पगार अडवतील, कामावरनं काढतील, नोटीस चिकटवतील. चिकटवू देत. आमची हजेरी आमच्याच अंगानं लागली पाहिजे, तोंड दाखवून लागो नाहीतर सही करून. सगळ्या बायांची लागली पाहिजे, आणि पुढच्या दालनात लागली पाहिजे. तोवर ह्या दारातनं आत जाणाऱ्या प्रत्येकाला आधी आमची नावं ऐकावी लागतील.