शेवटच्या घराचं पाणी

मी भूल देणारी डॉक्टर. गरज सरो नि वैद्य मरो, असं लोक म्हणतात. माझ्या बाबतीत गरज सरायची वाटही पाहावी लागत नाही, पेशंट आधीच झोपलेला असतो. शुद्धीवर आल्यावर तो सर्जनला हात जोडतो, नर्सला पेढे देतो, आणि मी तोवर दुसऱ्याच हॉस्पिटलात कुणाच्या तरी उशाशी उभी असते. अकोल्यात आम्ही मोजके आणि ऑपरेशनं फार. सकाळी सिझेरियन, दुपारी मोडलेलं हाड, संध्याकाळी अपेंडिक्स, अशी पायाला कायमची भिंगरी. घरी मी एकटीच. अमरावतीला भाऊ-वहिनी आहेत. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं इतकं ते जवळ आहे, म्हणूनच बहुधा जाणं होत नाही.

आपण एकटे आहोत याचं आपल्याला दुःख होतं, हे मला बरीच वर्षं कळलंच नव्हतं. थकवा आहे असं वाटायचं. थकव्यावर झोप हा उपाय मला माहीत होता, धंदाच तो.

अकोल्यात नळ रोज येत नाही. चार-पाच दिवसांनी येतो, कधी त्याहून उशिरा, आणि येतो तेव्हा घरी माणूस लागतो. मी कधीच नसायची. टाकी कोरडी पडली की पिण्याच्या पाण्याचे जार मागवायचे आणि त्यातच आंघोळ उरकायची, अशी माझी सोय होती. एका उन्हाळ्यात जारवाला पायऱ्यांवर जार मांडत असताना शेजारच्या फाटकातून आवाज आला.

"काहून वो बाई, घरी लगन-बिगन हाये काय?"

"नाही. आंघोळीला मागवलेत."

शेजारच्या काकू एसटीत कंडक्टर होत्या. अकोटच्या गाडीवर उभ्यानेच त्यांची सगळी नोकरी झाली, आता निवृत्त. नवरा केव्हाच गेलेला, मूलबाळ नाही. गल्ली त्यांना कंडक्टर काकूच म्हणते. त्यांनी जारांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हात पुढे केला. "चाबी दे."

अनोळखी माणसाला घराची किल्ली देणारी मी नव्हे. पण दिली. तो आवाज ऐकला की हात आपोआप पर्सकडे जातो. त्या दिवसापासून माझी टाकी भरलेली असायची आणि किल्ली काही परत आली नाही. मी मागितलीही नाही.

नळाच्या दिवशी काकू काय करतात ते मी पुढे एका रविवारी पाहिलं. आमच्या गल्लीच्या टोकाचं शेवटचं घर भाजी विकणाऱ्या एका म्हाताऱ्या जोडप्याचं. त्यांच्याकडे मोटर नाही. वरच्या घरांनी नळाला मोटरी लावल्या की खालच्या तोटीतून नुसती हवा फुसफुसते. बाकीच्या गल्ल्यांत यावरून दर नळाला भांडणं होतात. आमच्या गल्लीत काकूंचा कायदा आहे: शेवटच्या घराचे ड्रम भरल्याशिवाय कुणी मोटर लावायची नाही. काकू गल्लीच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभ्या राहतात. प्राध्यापक, किराणावाले, एक फौजदार, सगळे आपापल्या बटणाजवळ मुकाट थांबतात.

"गाडी किती बी लेट असो," मला म्हणाल्या, "शेवटचा मानूस चढल्याबिगर म्या घंटी देल्ली नाही कधी."

ऑपरेशन थिएटरात ओरडणारे सर्जन मी पुष्कळ पाहिले आहेत. न ओरडता इतक्या माणसांना थांबवणारं कुणी पाहिलं नव्हतं. मला त्यांचा हेवा वाटला, आणि अभिमानही. अभिमान वाटण्याइतकं आमचं नातं तेव्हा नव्हतं, पण वाटला.

मग मी कामावरून आले की आधी त्यांच्या ओट्यावर टेकू लागले. भाकरी झाकून ठेवलेली असायची. एकच खाल्ली की टोमणा तयार, "अमरावतीवाल्याइले भूक बी मोजून लागते." त्या गाडीतल्या गोष्टी सांगत, मी थिएटरातल्या. एकदा त्यांनी विचारलं, "तू झोपवतं, अन् उठवतं बी तूच?"

"हो."

"मंग उठवनंच मोठं काम हाये." ही गोष्ट इतक्या वर्षांत मला कुणी बोलून दाखवली नव्हती.

गेल्या हिवाळ्यात काकू जेवणानंतर पोट धरून बसू लागल्या. ओवा खाऊन लपवत होत्या. मी ओढत सोनोग्राफीला नेलं, तर पित्ताशय खड्यांनी भरलेलं. खडा नळीत उतरला तर जिवावर बेतणार होतं. साठी उलटलेली, शुगर असलेली बाई. ऑपरेशन लवकर करायला हवं, आणि त्या ऐकेनात.

"तू भूल देशीन त करतो," त्या म्हणाल्या. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, करतो, जातो. "नाही त राहू दे खडे. माहेच हायेत."

"काकू, मी नाही देणार."

"काहून? येत नाही काय तुले?"

आमच्या धंद्यात एक पथ्य आहे. रक्तदाब घसरला की डोकं थंड ठेवून हात चालावा लागतो, आणि आपलं माणूस समोर असलं की डोकं थंड राहत नाही. माझ्या वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळीही मी बाहेर बाकड्यावर बसले होते. हे सगळं मला समजावून सांगायचं होतं, पण तोंडातून एवढंच आलं, "आम्ही घरच्या माणसाला भूल देत नाही."

काकू हातातली कपबशी पुसत होत्या. ती आधीच कोरडी होती, तरी पुसत राहिल्या.

"घरच्या," त्या म्हणाल्या.

"हो."

"मंग इचार सर्जनले, कवा येऊ म्हना."

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी त्यांना दाखल केलं, आणि नेमका दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आला. गल्लीत मी उभी राहिले. भूल देणाऱ्याचा आवाज हळू बोलून बोलून बसलेला असतो. तो दोन घरांपलीकडे जाईना. कुणाची तरी मोटर घुरघुरली. मी आत शिरून बटण बंद केलं आणि परत मधोमध येऊन उभी राहिले. फौजदारांचं घर होतं, हे मला नंतर कळलं. त्यांनी बटण पुन्हा दाबलं नाही.

बाकीच्या सगळ्या केसेस मी त्या दिवशी नाकारल्या. भूल माझ्या मैत्रिणीने दिली, मी काकूंचा हात धरून उशाशी बसले. मॉनिटरवर रोजचेच आकडे आणि रोजचाच आवाज होता. मला भीती वाटत होती, आणि ती लपवायचं मला सुचलंही नाही.

सगळं नीट पार पडलं. काकूंनी डोळे किलकिले केले, माझ्यावर रोखले.

"नळ आलता?"

"आला होता."

"शेवटच्या घराचं झालं?"

"झालं."

"तुही टाकी?"

"भरली, काकू."

डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी त्यांना यातलं काहीच आठवत नव्हतं. औषधच तसं असतं. उशीला टेकून बसत त्यांनी तेच तीन प्रश्न पुन्हा विचारले, त्याच क्रमाने, आणि मी तीच उत्तरं दिली. स्वतःच्या टाकीचं त्यांनी दोन्ही वेळा विचारलं नाही. ती मी माझ्या आधी भरली होती.