सायमाने निवडलेली बंदूक

आमच्या गावात बंदूक घ्यायची तर आधी सायमा केटुनेनसमोर उभं राहून डोळे मिटावे लागत. डोळे मिटायचे, रिकामी बंदूक खांद्याला लावायची, गाल दस्त्यावर टेकवायचा आणि मग डोळे उघडायचे. समोर सायमा उभी. नळीवरून तुमची नजर सरळ तिच्या उजव्या डोळ्यात गेली, तर दस्ता तुम्हाला बसला. नाहीतर ती बंदूक काढून घ्यायची, "ही तुझी नव्हे," म्हणायची आणि दुसरी हातात द्यायची. मोठमोठे लाकूडतोडे तिच्यापुढे शाळेतल्या पोरांसारखे डोळे मिटून उभे राहायचे.

दुकान सोसायटीचं. खिळे, रंग, कुऱ्हाडीचे दांडे ही बाजू माझी, बंदुका आणि काडतुसं ही तिची. मधे लाकडाची शेगडी, तिच्यावर कॉफीची किटली, आणि शेगडीपाशी म्हातारा नेस्तोर. तांब्याची खाण बंद पडली त्या दिवशी तो तिथे येऊन बसला, तो उठलाच नाही. बावीस वर्षांत सायमाने कुणाला चुकीची बंदूक दिली असं मी ऐकलं नाही. कुठल्या रानात चालतोस, कुत्रा लांब पळतो की पायाशी राहतो, खांदा दुखतो का, सगळं विचारायची. मग परसात नेऊन फळीवर कागद लावायची आणि तीस पावलांवरून बार काढायला सांगायची. त्या तीस पावलांवर तिने खुंटी ठोकली होती. कागदावर छर्‍यांच्या मधे तित्तर मावेल एवढी मोकळी जागा दिसली, की ती बंदूक बाद.

आमच्याकडे बारीक नळीचं वेड फार. बंदुकीचा नंबर जितका मोठा, तितकी नळी बारीक. बारा नंबरची जाड, वीसची बारीक, अठ्ठावीसची त्याहून बारीक, आणि चारशे दहा तर फुंकणीएवढी. मोसमातला पहिला तित्तर मारला की त्याच्या शेपटीचा पंखा पसरून गावच्या हॉलच्या भिंतीवर ठोकायचा, खाली खडूने नाव आणि बंदुकीचा नंबर लिहायचा. खडूचा आकडा मोठा तितका माणूस मोठा, असं आमच्या पुरुषांचं ठाम मत. भिंतीवर वीस पुष्कळ होते, अठ्ठावीस तीन. त्यातला एक सायमाचा. चारशे दहा एकही नव्हता, कारण सायमा ती बंदूक मागणार्‍याला हाकलून द्यायची. "घरामागच्या घुशी मारायच्या असतील तर घे," म्हणायची. "एवढ्याशा छर्‍यांनी तित्तर मरत नाही. जखमी होतो आणि लांब जाऊन कुढत मरतो."

आता अर्वो पेल्टोलाबद्दल सांगते, आणि मी त्याच्याबद्दल चांगलं बोलेन अशी अपेक्षा ठेवू नका. अर्वोचे लाकडाचे चार ट्रक होते आणि निम्म्या गावाची चूल त्या ट्रकांवर पेटायची. तीन वर्षांपूर्वी, ऑक्टोबरात, ओढ्याकाठच्या झुडपांत सायमाची कुत्री लुमी तित्तराच्या वासावर उभी होती. शिकारी कुत्री वास लागला की पाय उचलून जागच्या जागी थिजते, तशी. पलीकडून अर्वो आला, तित्तर खालून उडाला, आणि ह्या गाढवाने बार खाली काढला. सायमा पोचली तेव्हा लुमी आडवी होती. सगळे छर्रे छातीत आणि तोंडावर.

चूक कुणाच्याही हातून होते. अर्वोने टोपी काढून दोन शब्द बोलायला हवे होते. पण त्याच संध्याकाळी हॉलमध्ये कॉफीत नीसूचा गोड पाव बुडवत तो म्हणाला, "सायमाची कुत्री हरणामागे लागली होती. मी माझं कर्तव्य केलं." हरणामागे पळणारं कुत्रं आमच्याकडे कुणीही मारावं, कुणी जाब विचारत नाही. पळणार्‍या कुत्रीला समोरून छातीत छर्रे कसे लागतात, हे तिथल्या प्रत्येक माणसाला कळत होतं. सगळ्यांनी कपात बघितलं. पुढच्या आठवड्यात लुमीची दोन पिल्लं नेलेल्यांनी ती परत आणून दिली. हरणाच्या नादाचं रक्त नको म्हणाले.

पिल्लं वाढवणं सायमाने बंद केलं, आणि अर्वो काडतुसं न्यायला आला की मोजून देत राहिली. मी तिच्या जागी असते तर त्याच्या कॉफीत तारपीन घातलं असतं. दुकानात ते माझ्याच बाजूला होतं.

गेल्या ऑगस्टात अर्वो दुकानात आला.

"सायमा, मला बारीक बंदूक हवी."

"किती बारीक?"

"भिंतीवर कुणाचीच नाही एवढी."

आता ही घुशींचं सांगणार म्हणून मी कान टवकारले. सायमा म्हणाली, "चारशे दहा? त्याला हात लागतो, अर्वो. सगळ्यांना जमत नाही."

"मला नाही जमणार?"

"तुला न जमायला काय झालं?"

मी खिळे मोजत होते, आकडा चुकले. सायमाने आतून एक दुनळी आणली. कुण्या मेलेल्या डॉक्टरच्या बायकोने विकायला ठेवलेली. अक्रोडाचा दस्ता, चांदीची वेलबुट्टी, वजनाला काहीच नाही. अर्वोने डोळे मिटले, उघडले, आणि पाहत राहिला. दस्ता त्याला बसला होता. तेवढं मात्र सायमाने खोटं केलं नाही.

मग ती परसात गेली. मागच्या खिडकीतून मला दिसत होतं. तिने फळीवर कागद लावला, येताना पाण्याची बादली उचलली आणि खुंटीवर पालथी घातली. अर्वोला उभं केलं पंधरा पावलांवर. बार निघाला. कागदावर छर्‍यांचा असा घट्ट डाग पडला की मधून मुंगी जाऊ नये.

"बघ," सायमा म्हणाली.

चाळीस वर्षं बंदूक चालवलेल्या माणसाला पंधरा पावलं कळू नयेत? कळली असती. पण सायमाच्या परसात पावलं मोजायची असतात हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. अर्वो दस्त्यावरून हात फिरवत, शीळ घालत गेला.

"सायमा, ती बादली?" मी विचारलं.

"कुठली बादली?"

"मी बघितलं."

तिने कागद चुरगळून शेगडीत टाकला. "हॉलमध्ये तो मान खाली घालून बसलेला बघायचाय मला. सगळ्यांसमोर. एवढंच हवंय, एल्मा."

मी तिला थांबवलं नाही. खरं सांगायचं तर मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

सप्टेंबर सरला, पानं गळली, रान उघडं झालं. आता तित्तर लांबूनच उडायचे. अर्वो दर शनिवारी काडतुसं न्यायला यायचा, आणि दर शनिवारी थोडी जास्तच.

"काय रे अर्वो," नेस्तोर म्हणायचा, "रानात शिसं पेरतोयस का? वसंतात उगवलं तर आम्हालाही दे थोडं."

"तू कॉफी पी, म्हातार्‍या."

"पितोय की. भिंतीवर जागा राखून ठेवलीय तुझी. खडू वाळला."

अख्खं दुकान हसायचं. त्याचे मजूरसुद्धा त्याची पाठ वळली की हसायचे. मला त्या दिवसांत जेवण गोड लागायचं. अर्वोच्या लाल मानेकडे बघत मी मनात म्हणायचे, भोग आता. जुना बारा नंबर काढून गुपचूप जाणं त्याला शक्य नव्हतं, कारण पंखा चारशे दहाचाच लावणार, असं गावभर बोलून बसला होता.

एका शनिवारी तो चिडून म्हणाला, "लागतो रे माझा बार! पिसं उडतात, मी डोळ्यांनी बघतो. तित्तर खाली जातो आणि हा रुस्को रिकाम्या तोंडाने परत येतो. कुत्राच नासलाय."

काडतुसांच्या खोक्यावर सायमाचा हात थांबला. तो गेल्यावर ती माझ्या खिळ्यांपाशी आली.

"तित्तर जखमी होतायत," ती म्हणाली. "दोन-तीन छर्रे घेऊन दलदलीपर्यंत जात असणार. तिथे कुठलं कुत्रं शोधणार?"

"मग?" मी म्हणाले. "होऊ देत. पुढच्या शनिवारी हॉलमध्ये मोसमाचं जेवण आहे, आणि भिंतीवर त्याचा पंखा नाही. आठवडाभर दम धर, मग तुला हवं ते होईल."

हे मी म्हणाले. लिहिताना लाज वाटते, पण म्हणाले ते म्हणाले.

पुढच्या शनिवारी सकाळी दुकान भरलेलं होतं. जेवणाच्या तयारीसाठी बायका साखर न्यायला आल्या होत्या, शेगडीभोवती सात-आठ पुरुष होते. बाहेर अर्वोचा ट्रक थांबला. रुस्कोला मागच्या फळीला दोरीने बांधलेलं होतं, खिडकीतून त्याचं तांबूस डोकं दिसत होतं. अर्वो थेट सायमासमोर आला.

"बावीसच्या रायफलची एक गोळी दे."

"डबी घे. सुटी कशाला?"

"एकच पुरे. कुत्र्याला एक बास होते."

कुणीतरी ओशाळं हसलं. नेस्तोर म्हणाला, "अरे, अजून चार वर्षांचा नाही तो."

"महिनाभर त्याच्यापायी माझी अब्रू चाललीय. एक तित्तर शोधून आणत नाही. संध्याकाळी हॉलमध्ये कुणी विचारलं, तर सांगेन, कुत्रा बाद होता, संपवला." तो सायमाकडे वळला. "देतेस ना?"

मी सायमाकडे पाहिलं. तिला हवी होती ती संध्याकाळ नऊ तासांवर आली होती. आणि अर्वोने निसटायची वाट शोधली होती, तीच जुनी, कुत्र्याच्या अंगावरून जाणारी. तिने गोळी दिली नसती तरी घरी त्याच्याकडे मूठभर असणार.

"कुत्र्याचा दोष नाही," सायमा म्हणाली.

"मग काय माझा?"

"माझा. बंदूक मी तुला मुद्दाम चुकीची दिली."

तिचा आवाज जराही चढला नव्हता.

"खुंटीवर बादली घातली आणि तुला पंधरा पावलांवर उभं केलं. पंधरावर ती घट्ट मारते. तीसवर कागद लावला असता तर तूच ती फेकून दिली असतीस. तुझे तित्तर जखमी होऊन लांब जातात, रुस्कोला ते मिळणार कुठून? तुझी फजिती करायला मी हे केलं. लुमीसाठी."

"लुमी हरणामागे—"

"लुमी उभी होती, अर्वो. पाय उचलून उभी होती. बार तू खाली काढलास."

अर्वोचा चेहरा पांढरा झाला, मग लाल. मला वाटलं, आता तरी कुणी बोलेल. तीन वर्षं गिळलेलं कुणीतरी ओकेल. पण त्या सात-आठ जणांत पाच अर्वोच्या ट्रकवरचे होते. सगळ्यांनी पुन्हा कपात बघितलं. एकटा नेस्तोर म्हणाला, "उभीच होती," पण इतकं हळू की शेगडीलाच ऐकू गेलं असेल.

आणि अर्वो हसला. "ऐकलंत ना सगळ्यांनी? मुद्दाम चुकीच्या बंदुका विकते ही! स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय." त्याची मान महिन्याभरात पहिल्यांदा ताठ झाली. "उद्या कुणाची नळी फुटेल, तेव्हा आठवा."

"बंदूक परत आण," सायमा म्हणाली, "आणि कुत्रा मला दे."

"ने ना. चुकीचा माल तुझ्याकडेच शोभतो."

तो बाहेर गेला, दोरी सोडली, रुस्कोला दुकानाच्या पायरीवर ढकललं आणि गेला. संध्याकाळच्या जेवणाला तो मानाने बसला, दोनदा वाढून घेतलं, आणि चुकीच्या बंदुकीची गोष्ट रंगवून रंगवून सांगितली. सायमा गेली नाही. मी गेले, आणि त्याचं ताट त्याच्या मांडीवर पालथं करायची हिंमत मला झाली नाही, याचा मला अजून राग आहे.

सोमवारी सोसायटीच्या पंचांनी सायमाला बोलावलं. पंचांपुढे तिने एक अक्षर नाकारलं नाही. बंदुकांच्या बाजूला त्यांनी शहरातून एक तरुण आणला. तो वहीतली चित्रं दाखवून बंदुका विकतो आणि कुणाला डोळे मिटायला सांगत नाही. सायमा माझ्या बाजूला आली, खिळे तोलायला. जी माणसं तिच्यासमोर डोळे मिटून उभी राहायची, ती आता खिळ्यांचं वजनही स्वतः वाकून बघतात.

हिवाळ्यात एकदा दुकान रिकामं असताना मी तिला म्हणाले, "अर्वो सुटला. नाव तुझं गेलं. तुला चीड येत नाही?"

"अर्वोची? रोज येते. मरेपर्यंत येईल." ती रुस्कोच्या कानातले काटे काढत होती. सुरुवातीला तो तिच्या हाताला दचकायचा, आता डोकं तिच्या गुडघ्यावर टाकून पडला होता. "पण एल्मा, त्याने लुमीला मारलं ते चुकून. त्या शनिवारी मी गप्प बसले असते, तर ह्याला मी मुद्दाम मारलं असतं."

"तो खोटं बोलला, ते चुकून नव्हतं," मी म्हणाले.

"नव्हतं," ती म्हणाली. "आणि आठवडाभर दम धर असं तू म्हणालीस, तेव्हा मी धरला. एक आठवडा, एल्मा. त्या आठवड्यात दलदलीत किती तित्तर मेले असतील, मला माहीत आहे."

तिने रुस्कोचा दुसरा कान हातात घेतला, आणि मी जाऊन खिळ्यांची पेटी उघडली.